अकराशे ग्रॅम

फॉर्मवर रकाना होता : शस्त्र कशासाठी?
मी लिहिलं, कागदाला भोकं पाडण्यासाठी.
सातपूरच्या पोलीस ठाण्यातला तरणा हवालदार
पेन कानामागे अडकवून म्हणाला,
मावशी, असं चालत नाही.
धोका कुणाकडून आहे ते सांगा.
मी पुष्कळ आठवून पाहिलं.
एकही धड शत्रू निघाला नाही
अठ्ठावन्न वर्षांच्या सबंध हिशेबात.
शेवटी त्यानंच लिहिलं, क्रीडा,
आणि ‘क्री’ पहिली की दुसरी, हे मलाच विचारलं.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या.
पसरलेली शाई, सरकलेला आकडा,
केसाएवढी चूक दिसली की लाल खूण.
निवृत्तीनंतर डोळे रिकामे झाले
आणि घरभर चुका शोधत हिंडू लागले :
लग्नपत्रिकेत, फरशीच्या सांध्यात, सुनेच्या रांगोळीत.
मुलगाच म्हणाला, आई,
यांना कुठेतरी नेम धरू दे.

रेंजवर गांगुर्डे सर.
देवळालीला बावीस वर्षं तोफेपाशी काढली,
म्हणून एका कानाने कमी ऐकतात
आणि पॉइंट टू टूला ‘चिमणी’ म्हणतात.
टेबलावर हिरवं फडकं,
फडक्यावर दोन चिमण्या.

पहिली नवी. हलकी, डोक्यावर लाल ठिपक्याची काच,
कुठलंही काडतूस गोड मानून घेणारी.
दुसरी निकुंभ वकिलांची,
ते गेल्यावर बाईंनी रीतसर जमा केलेली.
अक्रोडाची मूठ घामाने काळवंडलेली,
एकाच कंपनीचं काडतूस खाणार,
दुसरं दिलं तर घशात धरून रुसणार.
तोललं तर अकराशे ग्रॅम.
शहाणा माणूस नवी घेईल, सर म्हणाले.

डोळे मिटा. हात उचला. थांबा.
आता उघडा.
नवीची माशी शेजारच्या लक्ष्यावर बसलेली.
जुनी उचलली आणि उघडायच्या आधीच कळलं :
अंगठ्यापाशी खोलगट जागा होती
नेमकी उलट्या बाजूला.
वकील डावखुरे होते, सर म्हणाले,
का, काय झालं?

काय सांगायचं.
ताटावर बसताना आई ज्या हातावर चापट मारायची,
प्रसादाला जो मागे लपवायचा,
शाळेत ज्याने लिहिलं की पुसून परत लिहावं लागायचं,
त्या हातासाठी कुणीतरी
कानशीने रात्र रात्र लाकूड घासलं होतं.

हिच्या काडतुसाला मधोमध मर्म नसतं,
सर ज्या कानाने ऐकू येतं तो माझ्याकडे करून समजावतात.
पिन काठावर टोचते.
काठ चेपला की आत पेट घेतो.
पहिल्या पाचांत एक नऊ, दोन सहा, एक पाच,
एक कुठे गेली ते मातीच्या ढिगाला माहीत.
मी आधी कागद नाही, पुंगळी उचलली.
कोमट होती. कडेला नखाएवढा व्रण.
बराच वेळ पाहत राहिले.
मधोमध मलाही कुणी कधी मारलं नाही.

परवान्याला अजून महिने लागतील.
चिमणी कुलपात आहे, शेपटीला माझ्या नावाची चिठ्ठी.
तोवर स्वयंपाकघरातल्या काट्यावर
स्टीलची बाटली पाणी कमीजास्त करत
बरोब्बर अकराशेवर आणली आहे.
रोज सकाळी गॅलरीत उभी राहते,
हात सरळ, बाटलीच्या बुचावर
एमआयडीसीतल्या धुराड्याचं टोक.
वीस आकडे. मग तीस. मग खांदा थरथरतो.

काल समोरच्या साबळेबाई
वाळत घातलेल्या चादरीआडून म्हणाल्या,
सूर्याला पाणी देता वाटतं रोज?
मी अर्धा श्वास सोडून थांबलेली,
बोलणं शक्य नव्हतं.
त्या जरा पुढे वाकल्या.
पण अहो,
डाव्या हाताने?