कापलेली जागा

इथे सिनेमात किस नसतो.
दोघं जवळ येतात, तिच्या कपाळावरची बट
तो हलकेच बाजूला करतो,
आणि एकदम सकाळ.
चहाचे कप. तिचे केस ओले.
मधली रात्र कुणीतरी ऑफिसात बसून
कापून नेलेली.
मुराद शेजारून ओरडतो, "गेलं!"
आणि आख्खं थेटर हसतं,
मागच्या रांगेतल्या पाध्येकाकूसुद्धा.

रुवीतच वाढलो मी.
लहानपणी वाटायचं, प्रेम असंच असतं:
बट बाजूला केली की चहा येतो.

मंगळवारी इन्शुरन्सवाल्यांनी बोलावलं होतं.
बाबांचा राखाडी टाय. लिफ्ट बंद, चौथा मजला.
साहेबांनी माझी मार्कशीट पाहिली
हमूर घेताना कल्ले उचलून पाहतात तशी,
आणि म्हणाले, कळवतो.
हा शब्द मी यंदा चार भाषांत ऐकला.
अरबीत सगळ्यात गोड लागतो,
त्यात देवाचं नावही असतं.

खाली उतरून चिप्स घातलेला पराठा खाल्ला.
तीनशे बैसा.
ऊन असं की टॅक्सीचं दार
बाहीनं धरून उघडावं.

घरी आईनं काही विचारलं नाही.
ती विचारत नाही तेव्हा भेंडी फार बारीक चिरते.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं,
त्यानं ती फरशी पुसते.
म्हणते, हवा विकत घेतो, पाणी तरी फुकट मिळू दे.

मार्चनंतर मी बाबांच्या व्हिसावर मावत नाही.
ताई मावते, लग्न होईपर्यंत.
सगळे म्हणतात, मग काय, परत जा.
इचलकरंजीला मी उभ्या जन्मात सात वेळा गेलोय,
सातही वेळा मे महिन्यात,
सातही वेळा आत्यानं विचारलं,
"तिकडं बरं वाटतंय का इकडं?"
आणि मी तोंड उघडायच्या आत
आंब्याची फोड पुढे केली.
बरं झालं. उत्तर नव्हतंच.

रात्री ताईच्या जुन्या लॅपटॉपवर काहीबाही बघतो,
आवाज अगदी बारीक.
हीरो हरतो, मग गाणं लागतं,
गाण्यात तो पळतो, टायर ओढतो, कच्ची अंडी पितो,
गाणं संपतं तेव्हा जिंकायला लागलेला असतो.
साडेचार मिनिटं.
माझं गाणं अकरा महिने चाललंय
आणि मी पळतही नाहीये,
वादी कबीरच्या सिग्नलला
प्लास्टिकचं फोल्डर डोक्यावर धरून उभा आहे.

कधीकधी बाबा मागे येऊन थांबतात.
कंपनीचा निळा शर्ट, भुवयांत डक्टची धूळ.
दोनच मिनिटं बघतात.
"हा मरतो का?"
नाही, मी सांगतो.
"मग ठीक आहे," म्हणत झोपायला जातात.

त्यांच्या अल्बममध्ये एक फोटो आहे:
कॉलेजची एकांकिका, डोळ्यांत काजळ,
हात असा वर, जणू छतच उतरवून घेणार.
पान उलटलं की विमानतळ.
डोक्यावर कंपनीची टोपी,
हात दोन्ही बाजूंना सरळ.
मध्ये काय होतं, मी विचारलेलं नाही.
आईला माहीत असावं. भेंडी तीही बारीक चिरते, तेही.

काल मुरादनं तिकीट काढलं, पैसे दे नंतर म्हणाला.
त्याचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं आहे,
सगळं पडद्यावरून उचललेलं,
म्हणून तो रागावला तरी डायलॉग वाटतो.
ती आली, तो आला, बट,
"गेलं!"
सगळे हसले. मी पण हसलो,
जरा उशिरा.
किती असेल ते कापलेलं? आठ सेकंद? नऊ?
कुठल्यातरी डब्यात ते अजून जवळ येत असतील,
सकाळ व्हायची त्यांना घाई नसेल.

इंटरव्हलला दिवे लागले, फोन थरथरला.
छातीत धस्स झालं. इन्शुरन्सवाले?
बाबा होते.
"कितीला सुटतो? दार लावू का?"
नका लावू, म्हटलं.
अजून अर्धा बाकी आहे.