जॅकेट नंबर सतरा

रास्ता पेठेत, केईएमच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
बर्फाचे कपडे भाड्याने मिळतील.
पाटीवर एक माणूस दोन काठ्या घेऊन घसरतोय,
पेंटरने त्याला मिशा काढल्यात.

नाताळ जवळ आला की गर्दी.
एका घरचे चौघं एकाच आरशापुढे
घामाघूम उभे राहतात आणि मला सांगतात,
तिथे उणे बारा असतं हो.
मी मान डोलावते. उणे बारा.
माझ्याकडे फ्रीज आहे,
त्याच्या वरच्या कप्प्यात मटार असतात.

परत आलेले कपडे मी तपासते.
शेठ डिपॉझिटची वही धरतात, मी खिसे उलटे करते.
लिफ्टचा पास, दोरी तुटलेला.
अर्धी चकली.
एकदा एक दगड, साधा, राखाडी,
मुठेच्या पात्रातही मिळेल असा. तो मी ठेवून घेतला.
बर्फ कुणाच्या खिशातून अजून आलेला नाही.
येतो तो पाण्याचा डाग,
कडेला मीठ धरलेला.

सतरा नंबर नेलं होतं उकिडव्यांनी.
वय बासष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, एकटेच निघालेले.
म्हणाले, शिकायला चाललोय.
घसरायला? शेठनी विचारलं.
"आधी पडायला शिकवतात म्हणे, मग थांबायला.
घसरणं काय, आपोआप येतं."
मी टेपने बाही मोजली. बोटभर लांब होती.

नऊ जानेवारीला आले, डावा हात गळ्यात,
उजव्या हातात पिशवी.
जॅकेटची बाही खांद्यापासून मनगटापर्यंत कापलेली,
आतलं पांढरं फुलून बाहेर आलेलं.
शेठ मला म्हणाले, बघ, बघायचा होता ना बर्फ.
मी हसले नाही.

वही उघडली. डिपॉझिट जप्त, वर अठराशे.
उकिडवे म्हणाले, लिहा.
आणि शेठकडे पाठ करून मला सांगायला लागले:
पाचव्या दिवशी जमलं.
पोरांचा उतार होता तो, तीन-तीन वर्षांची पोरं
बदकांसारखी ओळीने शेजारून जात होती.
शिकवणारी म्हणाली तसे मी गुडघे वाकवले
आणि मग थांबलोच नाही.

किती वेळ?

"अकरा सेकंद असतील. पण बाई, अकरा सेकंद
माझं कुणाकडे काही येणं नव्हतं,
कुणाचं देणं नव्हतं."
मग कुंपण.
तिथल्या नर्सने कात्री लावली, एकच रेघ,
आणि त्यांच्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाली.
बहुतेक सॉरी.
जॅकेटला, मला नाही.

रेघ खरंच सरळ होती.
चांगली कात्री, चांगला हात. माझ्या कामातलं मला कळतं.

त्यांनी जॅकेट विकत मागितलं नाही.
घासाघीस केली नाही.
एका हाताने एकेक नोट टेबलावर ठेवली
आणि विचारलं, पुढच्या डिसेंबरला
हेच मिळेल का?
शेठ म्हणाले, भंगारात जाईल आता.
मी म्हटलं, मिळेल.

दोन संध्याकाळी गेल्या.
तो निळा दोरा कुठेच जुळेना,
रविवार पेठेतली चार दुकानं पालथी घातली,
शेवटी जरा गडद घेतला.
शिवण दिसते. दिसू दे.

काम झालं की चेन ओढून बघावी लागते,
म्हणून अंगात घातलं.
शटर अर्धं खाली. बाहेर कोणी शेंगा भाजत होतं,
एक रिक्षा उलटी येत होती, पीं पीं करत.
कपाळावर घाम.
आरशात मी, फुगलेली, हात बाहीत बुडालेले,
बोटभर लांबच आहे अजून.

गुडघे वाकवले.
सातपर्यंत मोजलं,
तेवढ्यात शेठचा फोन वाजला.