कुठूनच वाट नसलेलं पान

वडिलांचा खुबा मोडला त्या फेब्रुवारीत
कास्तेलफिदार्दोतल्या दुकानाला कुलूप होतं,
आणि मी पहिल्यांदा त्यांची वेबसाइट नीट उघडली.
तीनशे अकरा पानं.
अकॉर्डियनच्या दर दुखण्याला एक.
भाता फाटला तर, बटण रुतलं तर,
मेण वितळून रीड निसटली तर,
समुद्राच्या हवेनं पोलाद गंजलं तर.
सगळं रात्री जेवणानंतर, दोन बोटांनी टाइप केलेलं,
आणि प्रत्येकाच्या तळाशी तेच वाक्य:
‘अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा.’
इथे म्हणजे मुखपृष्ठ. दर वेळी मुखपृष्ठच.
तीनशे माणसं एकाच दाराकडे तोंड करून उभी,
शेजारी कोण, कुणाला पत्ता नाही.

शोधलं की आधी यायचं एक गोदाम,
ज्यांनी उभ्या जन्मात मेण तापवलं नाही.
मग भंगारवाले, मग जाहिराती,
मग पाचव्या पानावर, जिथे कुत्रं फिरकत नाही:
ओरेस्ते जुलिओदोरी आणि कन्या.

कन्या म्हणजे मी. नीवेस. वय सत्तेचाळीस.

तुलिओ, माझा मामेभाऊ, पोटासाठी हेच करतो.
फोनवर म्हणाला, परक्यांनी नाव घ्यावं म्हणून झुरू नकोस,
आधी घरातल्यांना एकमेकांशी बोलतं कर.
वजन जिथे साचलंय तिथून वाट काढ.
आणि वाटेला नाव दे, बाई.
नुसतं ‘इथे’ म्हणून दुवा लागत नाही.

मला कळलं ते भात्यामुळे.
हवा तेवढीच असते.
झडपेचं चामडं नीट बसलं नाही
तर ती कोपऱ्यातून पळते,
आणि जाणत्याच्या मांडीवरही वाद्य खोकतं.

मार्चभर टाके घालत बसले.
उन्हात गाडीत विसरलेल्या अकॉर्डियनच्या पानावरून
‘सुटलेली रीड मेणात कशी बसवावी’ इकडे.
गंजापासून कोरड्या कपाटाकडे.
‘लहान मुलीसाठी कोणता घ्यावा’ यावर रोज वर्दळ,
त्यातली थोडी वळवली खांद्याच्या पट्ट्याकडे, बिचाऱ्याकडे,
त्याला आठवड्यात एकही माणूस दिसत नसे.
मग चेव चढला. एका परिच्छेदात नऊ दुवे.
तुलिओ म्हणाला, हे घर आहे की स्टेशनातल्या पाट्या?
सहा उसवले.

एप्रिलात यंत्रानं यादी काढली:
कुठूनच वाट न येणारं पान, नग एक.
वडिलांनी मुद्दाम तोडलेलं. तारीख, चौदा नोव्हेंबर २०११.

‘फाब्रियानोची एर्सिलिया पांकाल्दी
नवऱ्याचा अकॉर्डियन घेऊन आली. तो वारला होता.
खालचा सोल उतरलेला. मी कानस मारली, सूर चढवला.
अगदी काटेकोर.
तिनं एकदा ऐकला. म्हणाली, तो रेटूनच वाजवायचा,
हा त्याचा नाही. पैसे ठेवले आणि गेली.
मी विचारलं नव्हतं.’

एवढंच. खाली ‘इथे क्लिक करा’सुद्धा नाही.

दोन दिवस मी त्या पानापाशी घुटमळले.
पुसून टाकणं सोपं होतं. नियमाला तेही चालतं.
मग आमचं सगळ्यात वाचलं जाणारं पान उघडलं,
‘घरच्या घरी सूर कसा जुळवावा’,
आणि पहिल्या पायरीच्याही आधी
तीन शब्द निळे केले:
जुळवण्याआधी विचारून घ्या.
त्यांना सांगितलं नाही.

जूनपर्यंत आम्ही दुसऱ्या पानावर आलो. पहिल्या नाही.
तुलिओ म्हणतो, धीर धर.

परवा गोरित्सियाहून कुणाचा तरी फोन,
वडिलांनीच उचलला, काठी टेबलाला टेकवून.
पलीकडचा सांगत होता,
आजोबांचा अकॉर्डियन आहे, बेसूर आहे,
हात लावण्याआधी एकदा नुसता ऐकाल का?
वडील बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, घेऊन या.

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
विचारलं, शिडी कुठे ठेवलीस?
वरच्या फळीवर, मेणकापडाखाली,
काहीतरी चौकोनी आहे, चौदा वर्षं.
मी म्हटलं, तुम्ही चढायचं नाही. मी काढते.