अंगठ्यापुरतं

पुंता अरेनासच्या गॅस कचेरीत
ओतिलियाबाईंनी टेबलावर तीन कव्हरं मांडली :
चामड्याचं, रबराचं,
आणि एक पारदर्शक, थंडीत तडकणारं.
"मीटरचं यंत्र पडलं, तर पगारातून कापू,"
एवढंच म्हणाल्या.

मी तिन्ही नाकाशी नेली.
रबराला नव्या टायरचा वास.
चामड्यात मुरलेला कुणाचा तरी घाम,
पट्ट्यावर खिळ्यानं कोरलेलं : एलिसेओ.
वारा सुटला की तो म्हणे
कोपऱ्यावरचा दोर काखेत धरून
आकडे टिपायचा.

चामड्याचंच घेतलं.
पण हातमोजा घालून बटण काही दाबेना,
मोजा काढला तर बोट आपलं राहीना.
मग रात्री, मासे साफ करायच्या सुरीनं
अंगठ्यापुरतं भोक पाडलं.

आता बर्फाचं पाणी
नेमकं तिथूनच आत शिरतं.