चारशे सतरा

सोहारच्या अग्निशमन ठाण्यामागे, खजुरांच्या रांगेपलीकडे
एक पत्र्याची खोली आहे; तिच्यात बारा महिने थंडी.
तिथे जुनी यंत्रणा उभी, सव्वीस वर्षांची,
आणि शेजारी कानामागून आलेली नवी,
अंगावरचं प्लास्टिक अजून सोललेलं नाही.
आज रात्री अडीचला एकीतून दुसरीत
अख्खा किनारा ओतायचा,
थेंब सांडता कामा नये.

शिकाऊ पोरगा यारुब विचारतो, ट्रंकिंग म्हणजे नेमकं काय?
मी म्हणतो, आमच्या कॅम्पवर ये.
चार पलंग, नऊ माणसं.
पलंग कुणाच्याच नावाचा नाही.
थकून आलास की मोकळा असेल तो तुझा,
उठलास की चादर झटकायची, झालं.
चॅनेलचंही तसंच. बटण दाबलं की कंट्रोलर रिकामा शोधून देतो,
बोलणं संपलं की काढून घेतो.
सगळे भरलेले असले तर?
तर टूं टूं. थांब.
आणि आग लागली असली तर?
तर हे नारिंगी बटण. मग झोपलेल्याला उठवतात.
यारुब हसत नाही. त्यानं कॅम्प पाहिलेला नाही.

अकराशे बारा संच. तीन महिने मी आणि तंकच्चन
बंदर, इस्पितळ, डोंगरातल्या चौक्या फिरलो,
एकेकाला केबल लावून बाळकडू पाजत, सह्या घेत.
एकच सही राहिली. चारशे सतरा,
मुसल्लम, वादीच्या तोंडावरची चौकी.
दोनदा गेलो, दोनदा तो पाण्यातून माणसं काढत होता.

अडीच. तंकच्चननं देवाचं नाव घेतलं, मी पासवर्डचं.
हिरवा, हिरवा, एक पिवळा, मग तोही हिरवा.
बंदर बोललं. इस्पितळ बोललं.
आवाज कसे, धुऊन इस्त्री केलेले.
झुवैनानं हेडफोन काढला, पुन्हा घातला.
“सगळे एकाच घरचे वाटतात,” ती म्हणाली.
“जुन्यात माणसामागचा पाऊस ऐकू यायचा.
यात नुसता माणूस येतो.”
मी म्हणालो, मागचा गोंगाट यंत्र गाळतं,
कागदावर ते सुधारणांत मोडतं.
म्हणालो खरं.

चारला जुनी बंद करायची, असा आदेश.
तीन छप्पन्नला झुवैना म्हणाली, थांब,
एक माणूस अजून तिकडेच आहे.
चार. चार पाच. साहेबांचा फोन थरथरला,
मी तो पालथा घातला.
चार अकराला जुन्या स्पीकरमध्ये खरखर,
मग पाणी, मग बऱ्याच वेळानं मुसल्लम:
“पिकअप... दोघं टपावर... दोर पुरत नाही...”
कुठे आहे ते सांगायच्या आत तुटला.
तिनं डोळे मिटले.
“दगडांवरचं पाणी आहे. खालचा पूल नाही, वरचा.”
आणि नव्या माइकमध्ये सगळ्यांना तेच सांगितलं,
जुना माइक दुसऱ्या हातात तसाच धरून.
मधे मी, हातात स्क्रू-ड्रायव्हर, बिनकामाचा.

पाच वीसला दोघं सापडले.
एकाच्या पायात चप्पल नव्हती, तीच तो मागत होता.

सकाळी जुनी बंद केली. दिवे लगेच गेले;
पंखा सवयीनं फिरत राहिला.
मग वरच्या पुलाशी जाऊन, गाडीच्या बॉनेटवर
मुसल्लमचा संच मी बदलला.
त्यानं सही केली, कागदाला चिखल लागला.

“चारशे सतरा, कसं ऐकू येतंय?”
“पाचावर पाच.”
खरंच पाचावर पाच. मागे झुळूकसुद्धा नाही.
मी तिथेच उभा, दोन्ही हातांनी टोपी धरून.
ती जरा थांबली असावी.
मग तक्त्यात नसलेलं विचारलं:
“वारा आहे का तिकडे, मुसल्लम?”