अक्षरावरची लाट

वॉटसनव्हिलच्या लाँड्रीतलं नऊ नंबरचं मशीन
कायमचं बंद आहे, म्हणून त्यावर चढून बसून
दोमितिला पेन्या कविता वाचते.
गुरुवारी, रात्री आठनंतर.

पेन्या म्हणजे खडक, ती सांगते,
आमच्यात ‘न’च्या डोक्यावर एक बारकी लाट असते.
ती पुसली की उरतं पेना.
म्हणजे दुःख. म्हणजे लाजसुद्धा.

एकतीस वर्षं बापाच्या पगाराच्या चेकवर
लाट नव्हती.
छापलंय तशीच सही कर, म्हणायचे.
दहा तास स्ट्रॉबेरी खुडून आलेला तो
हिरव्या बोटांनी लिहायचा: दुःख.

आमच्या यंत्रात ते चिन्ह नाही, कारकून म्हणाला.
यंत्रात बाकी सगळं होतं,
खोक्यांचा हिशेब, उशिराची मिनिटं,
पाणी प्यायला गेलेला वेळ.

दोन बायका घडी घालता घालता थांबल्यात.
चादर मधे तशीच ताणलेली.

थडग्याचा दगड कोरणाऱ्यानंही विचारलं,
हे वरचं काय?
बारा डॉलर जास्तीचे पडतील.
मी नाण्यांत मोजून दिले,
याच मशीनांसाठी साठवलेल्या.
आता खडकावर खडक लिहिलाय.

कविता अजून आहे, ती म्हणते,
पण कुणाचं तरी ड्रायर वाजू लागतं
आणि टाळ्यांआधीच माणसं आपापल्या टोपलीकडे वळतात.

बाकावरचा एक म्हातारा तेवढा उठत नाही.
गुडघ्यावर बोटानं काहीतरी गिरवतोय.
सरळ रेघ नाही ती.