तारांपासून लांब

तारांना लागणाऱ्या फांद्या
पावसाआधी छाटायच्या, हा खात्याचा नियम.
वाळपई ते कोपार्डे, कोयता माझा.
फांदी पडते, तिच्याबरोबर सीतेची वेणीही,
ऐन फुलात.

पहिलं रोप डब्याच्या पिशवीतून घरी आणलं,
मोडलेलं, मुंग्यांसकट.
सुलक्षा म्हणाली, माती कुठाय?
म्हटलं, हिला माती चालत नाही.
मग तुझ्यासारखीच की, म्हणाली,
जन्मभर वर लटकलेली.

नारळाचं सोडण, पोदेराच्या भट्टीतला कोळसा,
जुन्या बनियनची चिंधी.
मुळं पांढरी दिसली की पाणी,
हिरवी झाली की पुरे.
एवढं शिकायला मी तीन रोपं कुजवली.

आता ओसरीला सत्तावीस.
बुडाशी पिल्लू फुटतं.
त्याची मुळं बोटभर होईपर्यंत थांबायचं,
दोन पावसाळेही जातात.
मग कोयता तोच, गॅसच्या ज्योतीवर धरलेला,
आणि कापल्या जागी हळद.
हात लटपटतो.
खांबावर कधी लटपटला नाही.

पिल्लं घरात ठेवत नाही.
जिथून तार जात नाही अशी झाडं
मला सगळी पाठ आहेत.

परवा शाणू गावकाराच्या मांगराशेजारी
फणसावर चढलो होतो.
खालून त्यानं हाक दिली :
आमच्याकडे लाईट येतेय काय रे, एकदाची?
दातांत सुतळी होती.
मी नुसती मान हलवली,
हो की नाही
ते त्याला खालून कळलं नसावं.